पाषाणाचे दफ्तर

1697 साली राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत शंकराजी नारायण यांना सचिवपद प्राप्त झाले आणि पुढे त्यांच्या वंशाकडे भोरचे संस्थान चालत आले. राजपत्रांतील अधिकउणे अक्षर शुद्ध करणे व महालपरगण्यांच्या हिशेबाचा शोध घेणे हे सचिवाचे, म्हणजे पूर्वीच्या सुरनिसाचे, काम असल्यामुळे या घराण्याचा अधिकार तलवारीइतकाच दफ्तरावर उभा होता. याच संस्थानातील, वेल्ह्याकडील तोरण्यावर सापडलेल्या धनाची आणि त्यातून राजगड उभारला गेल्याची हकीकत आपण आवडीने सांगत आलो; परंतु ज्या काळ्या पाषाणावर हे दोन्ही गड उभे आहेत, त्याने स्वतःच राखलेल्या दफ्तराची दखल विसाव्या शतकापर्यंत कोणी घेतली नाही.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजत असता त्यातील लोहयुक्त कणांनी तत्कालीन भूचुंबकत्वाची दिशा धारण केली व ती आजतागायत सांभाळली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी 1956 मध्ये दख्खनी पाषाणाच्या मापनावरून दाखवून दिले, की हा खडक घडला तेव्हा भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. या दफ्तरातही मागाहून घातलेल्या नोंदी असतातच: आजचे भूचुंबकत्व जुन्या दिशेवर हळूहळू आपली छाप उमटवते आणि उघड्या माथ्यावर वीज पडली तर मूळचा लेख क्षणार्धात बिघडतो. म्हणून संशोधक नमुना टप्प्याटप्प्याने तापवून उपरी नोंद आधी पुसून काढतात. सुरनिसाला हे काम परके वाटले नसते.

चुंबकत्वाच्या सूक्ष्म मापनाला खरा उपद्रव होतो तो शेजाराचा. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेधकार्य 1904 मध्ये अलिबागेस हलवावे लागले, आणि तेथील इमारतीसाठी सह्याद्रीचा चुंबकी दगड वर्ज्य करून पोरबंदरचा दगड आणावा लागला.

अलीकडे हे मापन हिऱ्याकडे आले आहे. हिऱ्याच्या स्फटिकात कार्बनाच्या जागी नायट्रोजनचा अणू बसावा व त्याच्या शेजारचे स्थान रिक्त राहावे, की ते व्यंग हिरव्या प्रकाशात तांबूस उजळते; सुमारे 2.87 गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी दिल्या असता त्या उजेडात जो फरक पडतो, त्यावरून भोवतालचे चुंबकक्षेत्र मोजता येते. हे सारे सामान्य तपमानाला घडते आणि हिऱ्याचा पेशीला अपाय होत नाही, म्हणून जीवशास्त्राला त्याचे अगत्य. 2013 मध्ये अमेरिकेत अशा हिऱ्यावर जिवंत जीवाणू ठेवून त्यांच्या देहातील मॅग्नेटाइटच्या कणांचे चुंबकक्षेत्र चित्रित करण्यात आले. खडकांच्या अभ्यासातही तेच सूक्ष्मदर्शक पुढे उपयोगी पडले, हा योग मला विशेष मननीय वाटतो.

मज्जापेशीची गोष्ट अधिक कठीण. तिच्या विद्युत्स्पंदाचे क्षेत्र फार तर काही नॅनोटेस्ला, आणि आपल्याकडील भूचुंबकत्व त्याच्या सहस्रावधी पट. पवईच्या आयआयटीत डॉ. कस्तुरी साहा यांचा संशोधकगट या विषयात कार्य करतो. खरगपूरच्या सहकाऱ्यांसह 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, हिऱ्यावरील चुंबकचित्रातून एकेक मज्जापेशी वेगळी कशी ओळखता येईल, याचे गणित मांडले आहे. त्यानंतर 2022 मध्ये सूक्ष्म तारेच्या वेटोळ्यातील बदलते क्षेत्र सेकंदाच्या अंशात टिपून दाखविण्यात आले. मज्जापेशीचा स्पंद मात्र काही सहस्रांश सेकंदांतच ओसरतो.