शंकरपट

विदर्भातील बैलजोड्यांची शर्यत. बोलण्यात नुसता ‘पट’. यवतमाळ, अमरावती, वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांत प्रचलित. कापूस वेचून झाला, खरिपाचा पैसा हाती आला की संक्रांतीच्या आगेमागे मोकळ्या वावरात दान, म्हणजे धावपट्टी, आखतात. हलका छकडा, जोडी आणि एकच धुरकरी, म्हणजे हाकणारा; पल्ला सरळ, वळण नाही. पूर्वी दोन जोड्या शेजारच्या दानांवरून एकदम सुटत. आता बऱ्याच ठिकाणी जोडी एकटी धावते आणि निकाल सेकंदांच्या अंशांवर लागतो. भांडणे त्याने कमी झाली; थोडी रंगतही गेली. पुणे-नगरकडे बैलांपुढे घोडी पळते, तशी पटात नसते.

यवतमाळकरांना जवळचा नावाजलेला पट तळेगाव दशासरचा. गाव मात्र अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वे तालुक्यात. तेथे महिला धुरकरीही उतरतात. पूर्वेकडे झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक असा जोडीचा बेत असतो. पाहुणे मुक्कामी राहतात, विनोदी पात्रांचे प्रवेश पहाटेपर्यंत हशा पिकवतात. झाडीपट्टी रंगभूमीला प्रेक्षक मिळवून देण्यात पटाचा वाटा मोठा आहे.

पटाची खरी अडचण कायद्याची झाली, आणि तिच्यात घोड्याशी तुलनाही आली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत व तिच्यावरील पैज हा कौशल्याचा खेळ ठरवला. महालक्ष्मीचे रेसकोर्स निर्धास्त राहिले. बैलाचे नाव मात्र ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने खेळास मनाई असलेल्या प्राण्यांत घातले. ७ मे २०१४ रोजी न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणताना बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्याजोगी नाही, असेही कारण दिले. वर्ध्याकडचे गवळाऊ बैल चपळाईसाठीच जोपासले गेले; त्यांच्या मालकांना हे पटणे अवघड होते. शेपूट पिरगाळणे आणि तुतारीने, म्हणजे टोकदार काठीने, टोचणे यांवरचा आक्षेप मात्र खोटा नव्हता.

राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीने तो अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाकडून शर्यतींना अंतरिम परवानगी मिळाली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव १,००० मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि धुरकऱ्याच्या हाती काठी किंवा तुतारी चालत नाही.