माहेरचीही वंशावळ लिहा



टेंभी नाका म्हटलं की शहापूर-मुरबाडच्या बायांना दोन गोष्टी आठवतात, नवरात्रातली देवी आणि सिव्हिल हॉस्पिटल. इथल्या बचत गटांत आजारपणाचा विषय निघाला की आम्ही एक वाक्य हमखास ऐकतो, "त्यांच्या घराण्यातच आहे ते." आज त्या वाक्याचा इतिहास सांगतो.

१८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये पॉलिन ग्रॉस ही शिवणकाम करणारी बाई होती. घरची माणसं पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, आपणही तशाच जाऊ, ही भीती तिने डॉ. वॉर्थिन यांना सांगितली. त्यांनी ती हसण्यावारी नेली नाही. नातलगांची माहिती जमवायला पॉलिननेच मदत केली आणि १९१३ साली ती वंशावळ छापली गेली. पॉलिन १९१९ साली गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. १९६६ साली डॉ. हेन्री लिंच यांनी अशी आणखी दोन घराणी मांडली. १९९३-९४ मध्ये जनुकांतला दोष सापडला. त्यालाच आज लिंच सिंड्रोम म्हणतात.

हा शाप नाही, कर्मभोगही नाही. दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. आपल्या वंशावळीत मात्र लेकींची नावं नसतात. मुलींची लग्नं अडतील म्हणून आजार लपवतात, आणि त्याच मुलींची तपासणी राहून जाते.

म्हणून माहेर-सासर दोन्हीकडच्या तीन पिढ्या लिहा. कोणाला कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी? पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल, किंवा एकाच बाजूच्या दोघा-तिघांना झाला असेल, तर ही वही डॉक्टरांना दाखवा. परळच्या टाटा हॉस्पिटलात आनुवंशिक कॅन्सरबद्दल सल्ला मिळतो. शक्यतो आधी आजारी माणसाचं रक्त तपासतात. दोष सापडला तर भावंडं आणि मोठी मुलं. ज्यांच्यात तो निघतो, त्यांची साधारण विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात. नळीने आतडं पाहून, कॅन्सर होण्याआधीच आतले कोंब काढून टाकतात. ज्यांच्यात घरचा दोष नाही, त्यांच्या या जादा तपासण्या टळतात.

शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध म्हणून सोडू नका. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं तर थांबू नका.

पॉलिनच्या काळी नुसती वंशावळ होती, उपाय नव्हता. आज उपाय आहे. पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीसोबत ही वहीही आणा.