तारा कासवाचे कवच : प्रदेशागणिक फरक किती?

तस्करांकडून जप्त झालेले तारा कासव मूळचे कोणत्या रानातले, हा प्रश्न वन विभागापुढे वारंवार उभा राहतो. त्याला मूळ प्रदेशातच परत सोडावे हे तत्त्व मान्य आहे. तो प्रदेश ओळखायचा कसा, हीच अडचण आहे. कवच पाहून अंदाज बांधला जातो, पण तो फार ताणता येत नाही.

‘जिओकेलोन एलेगन्स’ या शास्त्रीय नावाच्या या कासवाचा अधिवास सलग नाही. राजस्थान, गुजरात व लगतचा सिंध हा एक तुकडा. आंध्र प्रदेश, कर्नाटक, तमिळनाडू यांमधील कोरडा झुडपी टापू हा दुसरा. श्रीलंका हा तिसरा. वायव्येकडील कासवे बहुधा मोठी असतात, पण त्यांचे रंग फिके, मळकट तपकिरी. दक्षिण भारतातील कासवे लहान. त्यांच्या काळ्या पाठीवर पिवळ्या रेषा ठसठशीत उठून दिसतात. श्रीलंकेतील कासवे मोठीही असतात आणि ठळक रंगाचीही. तरीही या तिन्ही गटांना अद्याप उपजातींचा दर्जा नाही. म्यानमारमधील तारा कासव मात्र स्वतंत्र जाती आहे. त्याच्या पोटाकडील कवचावर नुसते काळे डाग असतात, तर आपल्याकडील कासवाच्या पोटावरही किरणांसारख्या रेषा दिसतात.

खरा घोळ होतो तो आकाराबाबत. पाठीवरचा प्रत्येक खवला टेकडीसारखा उंचावलेला दिसला की ‘हे अमुक भागातले’ असे सांगणारे भेटतात. असे उंचवटे रानातल्या काही कासवांना निसर्गतःच असतात, तर काहींची पाठ गुळगुळीत असते. शिवाय बंदिवासात कोरडी हवा आणि अयोग्य आहार मिळाला, तर वाढत्या पिलाचे खवले पिरॅमिडसारखे वर येतात. असा उंचवटा प्रदेशाचा नव्हे, पाळणाऱ्याच्या चुकीचा पुरावा ठरू शकतो. त्यात मादी नराहून मोठी व रुंद. पिलांच्या अंगावर तर रेषा मोजक्याच असतात, वाढीबरोबर त्या वाढत जातात. आणि तस्करीत सापडतात ती बहुतेक पिलेच.

घुमटाचा मूळ आकार मात्र सर्वत्र उपयोगी पडतो. उलटे पडलेले कासव त्याच्या आधारे सहज कलून सरळ होते. डोमोकोश आणि वार्कोनी या हंगेरियन संशोधकांनी कसेही ठेवले तरी आपोआप एकाच बाजूवर स्थिरावणारी ‘गोम्बोत्स’ ही वस्तू घडवली. तिच्याशी तारा कासवाच्या कवचाचे साम्य त्यांनी 2008 मध्ये दाखवून दिले.

मूळ प्रदेश ठरवायचा तर जनुकीय तपासणीच हवी. सिंगापूरमध्ये जप्त होऊन भारतात परत आलेल्या कासवांची अशी तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील शास्त्रज्ञांनी केली आणि 2006 मध्ये ती प्रसिद्ध झाली. निव्वळ रंग-आकार पाहून कासवे भलत्याच रानात सोडली, तर वेगळे राहिलेले वंश एकमेकांत मिसळतात, बंदिवासातले रोगही रानात पसरतात. ही भीती काल्पनिक नव्हे : 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील एकाच व्यापारकेंद्रात वर्षाला किमान 55,000 पिले पकडली जात होती. 2019 मध्ये साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात या कासवाचा समावेश झाला.

भरभराटीसाठी घरात तारा कासव ठेवणे भारतात कायद्याने गुन्हा आहे. कुठे आढळल्यास जवळच्या माळावर न सोडता वन विभागाला कळवावे. कुठून आणले हे ठाऊक असेल तर तेही सांगावे. कवचावरून न कळणारी गोष्ट तेवढ्यानेच पुष्कळदा कळते.