लष्कर दिन, हळदीकुंकू आणि नावाचा कागद

आंबवड्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलत आहोत. संक्रांत झाली, सुगडं पुजून झाली, तीळगूळ वाटून झाला. आता रथसप्तमीपर्यंत दारोदार हळदीकुंकू चालणार. या गडबडीत १५ जानेवारी कधी येते आणि जाते कळत नाही. त्या दिवशी लष्कर दिन असतो. आपल्यापैकी कितीतरी घरांत कुणी ना कुणी फौजेत आहे, नाहीतर होतं. म्हणून आज जरा त्याबद्दल बोलू.

हा दिवस का पाळतात ते आधी सांगतो. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण फौजेचा मुख्य सेनापती इंग्रजच राहिला. आधी लॉकहार्ट, मग बुचर. १५ जानेवारी १९४९ ला बुचर साहेबांनी सूत्रं खाली ठेवली आणि ती करिअप्पांच्या हाती आली. कोडगूचे हे करिअप्पा पहिले भारतीय लष्करप्रमुख. म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर फौज आपल्या माणसाच्या हाताखाली यायला आणखी जवळजवळ दीड वर्ष गेलं. घराचा ताबा मिळाला तरी किल्ल्यांचा जुडगा हातात यायला वेळ लागतो, ते आपल्या सुनांना वेगळं सांगायला नको.

या दिवसाचं मोठं संचलन वर्षानुवर्षं दिल्लीला व्हायचं. अलीकडे ते दरवेळी वेगळ्या शहरात नेतात. १५ जानेवारी २०२५ ला ते पुण्यात झालं, खडकीला. आम्ही टीव्हीवर पाहिलं. त्यात मुलींची तुकडी पावलं टाकत आली तेव्हा आमच्यातली एक आजी म्हणाली, "ह्या कुणाच्या गं?" आम्हाला हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. पोरगी दिसली की ती कुणाची, हेच आपण आधी विचारतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. आंबवड्याला झुलता पूल आणि नागेश्वराचं देऊळ बघायला लोक येतात. पण इथेच कान्होजी जेध्यांची आणि जिवा महालांची समाधी आहे. जिवा महाला तर म्हणीतच जाऊन बसलेत, होता जिवा म्हणून वाचला शिवा. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीत सय्यद बंडाने महाराजांवर वार उगारला आणि जिवाने तो हातच तोडला. हे शाळेतल्या पोरालाही येतं.

कान्होजींची गोष्ट त्याच्या काही महिने आधीची. १६५९ च्या जूनमध्ये विजापूरच्या आदिलशहाचं फर्मान मावळातल्या देशमुखांना आलं, की अफझलखानाला सामील व्हा. न व्हाल तर वतन गेलंच समजा. खोपडे खानाकडे गेले. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी विचारलं, वतनाचं काय कराल? कान्होजींनी हातावर पाणी घेतलं आणि वतनावर सोडलं. पिढ्यानपिढ्यांची जमीन, मानपान, सगळं त्या ओंजळभर पाण्यात. त्यानंतर त्यांना तलवारीच्या पहिल्या पानाचा मान मिळाला.

आम्ही ही गोष्ट लहानपणापासून ऐकली. मोठ्या झाल्यावर मात्र त्यातलं एक वाक्य कानात अडकलं. महाराज कान्होजींना म्हणाले, तुमचा कबिला इथे ठेवू नका, तळेगावला पाठवा. हे तळेगाव म्हणजे तळेगाव ढमढेरे, आजच्या शिरूर तालुक्यात, पुण्याच्याही पलीकडे. आज भोरहून एसटीने निघालं तरी दिवस मोडतो. फर्मान जूनमधलं, तेव्हा बहुतेक पावसातच निघाल्या असतील. लेकीसुना, तान्ही पोरं, म्हातारी माणसं. पेरणीच्या दिवसांत घर सोडायचं. मागे वतन राहील की नाही ठाऊक नाही, पुढे गेलेले नवरे आणि मुलगे परत येतील की नाही ठाऊक नाही. आणि हे सगळं आपण सांगतो ते एका शब्दात, कबिला.

कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं ते खरंच. पण त्या पाण्याबरोबर घरच्या बायकांचंही सगळं वाहून जाणार होतं. त्यांना कुणी विचारलं होतं का, एवढंच आम्हाला विचारावंसं वाटतं. कदाचित विचारलं असेल. त्या काळच्या बाया काही मुक्या नव्हत्या.

महाराजांच्या फौजेची शिस्त कशी होती त्याचं एक पत्र आहे, १६७३ सालचं, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. ते प्रत्येक बाईने एकदा तरी वाचून घ्यावं. त्यात लढाईचं काही नाही. पावसाळा काढायचा आहे, दाणावैरण जपून वापरा, आत्ताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील. कुणब्याच्या घरचं धान्य, लाकूड, भाजी यातलं काही फुकट घेऊ नका, पैसे द्या आणि बाजारातून आणा. चुली पेटवाल, चिलमीचा विस्तव इकडेतिकडे टाकाल, रात्री दिवा तसाच ठेवाल आणि उंदीर पेटती वात पळवून नेईल, वैरणीला आग लागेल. उंदीर आणि वात! आमच्या मते एवढं बारीक लक्ष एक तर घर चालवणारीचं असतं, नाहीतर मोठ्या राजाचं. सैनिकाने रयतेला त्रास द्यायचा नाही, ही परंपरा म्हणायची तर ती इथून आहे.

पुढे इंग्रजांच्या काळात मराठ्यांच्या पलटणी झाल्या. त्यातली सगळ्यात जुनी, जंगी पलटण, १७६८ ची. आज मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे आणि अजून छत्रपतींच्या जयजयकारावर पलटण पुढे सरकते. पहिल्या महायुद्धात हीच माणसं पार इराकमध्ये गेली. तिथे कूत नावाच्या गावात १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत वेढ्यात अडकली. शेवटी घोडी मारून खायची वेळ आली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या महायुद्धात गेले, म्हणून गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी पडलं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मराठा पलटणीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावकडचे यशवंत घाडगे आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव. घाडगे ते पदक घ्यायला जिवंत नव्हते.

आणि बायका? वैद्यकीय शाखा सोडून फौजेच्या इतर शाखांत अधिकारी म्हणून बायकांना घ्यायला १९९२ पासून सुरुवात झाली, तीही थोड्या वर्षांची नोकरी. कायमच्या नोकरीसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, निकाल फेब्रुवारी २०२० चा. लष्करी पोलिसांत जवान म्हणून ८३ मुलींची पहिली तुकडी २०२१ ला बाहेर पडली. आणि आपल्या शेजारी, वेल्ह्याच्या वाटेवर, खडकवासल्याच्या एनडीएतून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी पास झाली. ज्या रस्त्याने आपण दूध आणि भाजी पुण्याला पाठवतो, त्या रस्त्यावर हे झालं.

साताऱ्याच्या स्वाती महाडिक तुम्हाला आठवतील. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक २०१५ ला कुपवाड्यात शहीद झाले. दोन लहान मुलं पदरात. वय उलटून गेलं होतं, सवलत मागितली, परीक्षा दिली आणि २०१७ ला त्या स्वतः अधिकारी झाल्या.

सगळ्यांना ते जमणार नाही. आमच्या गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. मालक फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पाच-सहा वर्षांत वारले. कुटुंब पेन्शन लागायला हवी होती. पण फौजेच्या कागदावर ताईंचं लग्नात ठेवलेलं नाव, आधारकार्डावर माहेरचं आणि बँकेच्या पासबुकात तिसरंच काहीतरी, कारकुनाने ऐकलं तसं. एका कार्यालयात वर्षाच्या वर हेलपाटे झाले. दर वेळी एकच उत्तर, नाव जुळत नाही. तांदळाच्या डब्यावर नाव बदलून तिला घरात घेतलं होतं, सगळ्या भावकीच्या साक्षीने. त्या साक्षीचा कागद मात्र कुणी केला नव्हता. ते दीड वर्ष तिने गटाच्या कर्जावर आणि दुसऱ्याच्या बांधावर काढलं.

शेवटी प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रात नावबदल असं एकेक करत सुटलं. वाट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून गेली. म्हणून ज्यांचे मालक किंवा मुलगे आज नोकरीत आहेत त्यांनी ऐका. पुढच्या सुट्टीला ते घरी आले की मटणाच्या आधी कागद काढा. रेकॉर्ड ऑफिसात तुमचं नाव काय लिहिलंय ते विचारा. आधारशी, बँकेशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. मुलांच्या जन्मतारखा बघा. जोडखातं आहे का बघा. चूक असेल तर ते नोकरीत असतानाच दुरुस्त होऊ द्या. आणि पेन्शन चालू असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चुकवू नका.

या ताई आमच्या हळदीकुंकवाला कधी यायच्या नाहीत. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनेही परिपत्रक काढलं, तेव्हा ते आम्ही बैठकीत वाचून दाखवलं होतं. माना सगळ्यांनी डोलावल्या. बोलावणं मात्र कुणी धाडलं नाही. आम्हीही नाही, ते कबूल करतो.

यंदा आम्ही हळदीकुंकू मुद्दाम १५ जानेवारीला ठेवलं आणि ताईंना यजमानीण केलं. वाण म्हणून स्टीलची वाटी नाही, तर कागद ठेवायची प्लास्टिकची फाईल दिली, वर जिचं तिचं आधारवरचं नाव लिहून. ताई दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग आत आल्या, करंडा हातात घेतला आणि एकेकीला कुंकू लावत गेल्या. आम्ही त्यांच्या कपाळाकडे बोट नेलं तेव्हा त्यांनी हात धरला.

"मला पुढल्या वर्षी बघू," म्हणाल्या, आणि फाईल उघडून नाव नीट लिहिलंय का ते वाचायला लागल्या.