टॉवेल खरखरीत का होतो? धुण्याच्या पाण्याचा इतिहास

टॉवेल मऊ कसा राहील, हा काय इतिहासाच्या व्याख्यानाचा विषय झाला, असं काहींना वाटेल. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मऊपणा कापसात मुळातच असतो, तो वरून घालावा लागत नाही. टॉवेल कडक होतो तो त्याच्यावर काहीतरी साचतं आणि निघत नाही म्हणून. ते का साचतं, याचं उत्तर साबणाच्या इतिहासापेक्षा पाण्याच्या इतिहासात जास्त सापडतं.

आधी कापडाकडे बघू. आपल्याकडे अंग पुसायला पंचा होता. साधी, विरळ वीण. पटकन धुतला जाणारा, पटकन वाळणारा. फासे असलेला जाड टॉवेल त्या मानाने नवा. हेन्री ख्रिस्ती या इंग्रजाने तुर्कस्तानात हाताने विणलेलं फासेदार कापड पाहिलं, त्याचा नमुना मायदेशी नेला, आणि यंत्रावर विणलेले असे टॉवेल 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडले गेले. ‘टर्किश टॉवेल’ हे नाव तेव्हापासूनचं. महाराष्ट्रात टॉवेल म्हटलं की सोलापूर. तिथे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा धंदा वाढवला, आणि सोलापुरी चादरीप्रमाणे टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालं. आता फासा जितका मोठा तितकं पाणी जास्त टिपलं जातं, हे खरं. पण त्या फाशांत साबण आणि क्षारही तितकेच अडकून बसतात. पंच्याला जेवढं विसळणं पुरत होतं, तेवढं टॉवेलला पुरत नाही.

गावगाड्यात धुण्याचं काम परटाचं. बारा बलुतेदारांपैकी तो एक. त्याच्याजवळ राख होती, खारी माती होती, रिठे होते. राखेच्या पाण्यातले क्षार तेलकट मळ सोडवायचे. कपडे भट्टीवर चढायचे आणि मग नदीवर आपटून वाहत्या पाण्यात खळबळले जायचे. यातली शेवटची पायरी आमच्या दृष्टीने महत्त्वाची, कारण सुटलेला मळ आणि क्षार दोन्ही पाण्याबरोबर निघून जायचे. रिठ्याचा एक गुण इथे सांगितला पाहिजे. त्यातलं सॅपोनिन फेस करतं, पण जड पाण्यात साबणासारखा साका धरत नाही.

साबणाचं तसं नाही. 1888 मध्ये कोलकात्याच्या बंदरात इंग्लंडहून सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या आणि वडीचा साबण हळूहळू घरोघरी गेला. साबणाची कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी गाठ पडली की फेसाऐवजी चिकट साका तयार होतो. शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो ना? नावातच फेस आहे. स्कॉटलंडमधल्या थॉमस क्लार्क या रसायनतज्ज्ञाने 1841 च्या सुमारास पाण्याचा कठीणपणा मोजायला साबणाचाच उपयोग केला: टिकाऊ फेस यायला किती साबण लागतो ते पाहायचं. आपल्या बायकांची मोजणी दुसरीच होती. ‘या पाण्यात डाळ शिजत नाही,’ एवढं त्या म्हणाल्या की समजायचं. कारण एकच, कॅल्शियम.

आता पुन्हा सोलापूरकडे येऊ. 1972 च्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि महाराष्ट्रात खडक फोडून कूपनलिका घेण्याच्या कामाला जोर आला. ज्या ‘सोलापूर पंपा’च्या आधारे पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप घडवला गेला, तो याच जिल्ह्यातला. या पंपांनी गावं जगवली, यात शंका नाही. पण खडकात बराच काळ मुरलेलं पाणी क्षार विरघळवून घेत असतं. टॉवेल विणणारं शहर आणि खडकातलं पाणी वर काढणारा पंप, दोन्ही एकाच मातीतले.

त्याच सुमारास धुण्याची पावडर पसरली. 1959 मध्ये सर्फ आली, 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केली आणि पावडर सामान्य घराच्या आवाक्यात आली. पावडरीतला डिटर्जंट साबणासारखा साका धरत नाही, ही मोठीच सोय. पण तिच्यात धुण्याचा सोडा असतो. तो पाण्यातला कॅल्शियम चुन्याच्या बारीक कणांच्या रूपात बाहेर काढतो, आणि पुरेसं विसळलं नाही तर तेच कण फाशांत बसतात. त्यावर बाजाराने उपाय दिला सॉफ्टनरचा. त्यातली द्रव्यं धाग्यावर स्निग्ध थर चढवतात. हाताला मऊ लागतं, पण टॉवेल पाणी टिपायला कुरकुर करतो. म्हणजे साचलेलं काढायचं सोडून आपण त्यावर आणखी एक थर दिला.

मग घरातल्या वस्तूंचं काय? व्हिनेगर किंवा लिंबाचा रस आम्ल आहे. चिंचेने तांब्याचा डाग निघतो, तसा आम्लाने चुना सुटतो. बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून, ते शेवटून दुसऱ्या विसळणीला वापरावं आणि मग साध्या पाण्यातून काढावं. सोडा वापरायचा तर धुताना, पावडरीबरोबर. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातले की एकमेकांना मारतात. बुडबुडे दिसतात, काम होत नाही. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो.

राहिलं झटकणं. 2020 मध्ये जपानच्या होक्काइदो विद्यापीठातल्या आणि काओ कंपनीतल्या संशोधकांनी दाखवलं, की वाळलेल्या सुती टॉवेलमध्येही थोडं पाणी धाग्यांना चिकटून राहतं आणि गोंदासारखं त्यांना एकमेकांना जोडतं. दोरीवर घालण्याआधी आणि काढताना टॉवेल जोरात झटकण्याची आपल्या घरातली सवय फुकटची नव्हती.

पण हे सगळं पाण्यावर येऊन थांबतं. दोनदा विसळायला दोन बादल्या जास्त लागतात. ज्या गावात टँकर येतो, तिथे त्या बादल्या कुणीतरी डोक्यावरून आणते, आणि ती बहुतेक वेळा घरातली बाईच असते. तिने एकदाच विसळून टॉवेल वाळत घातला, तर तो आळस नव्हे. पाणी कुठे खर्चायचं याचा तिने केलेला हिशोब आहे. म्हणून धुण्याचा इतिहास लिहिताना साबणाच्या जाहिराती चाळण्याआधी पाणी कुठून आणि किती यायचं, हे आपण विचारायला हवं. तुमच्या घरात ते कुठून यायचं, हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा.