मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज (एमएमएस)
व्यवस्थापनशास्त्रातील मुंबई विद्यापीठाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. हार्वर्डने १९०८ मध्ये सुरू केलेल्या एमबीएचेच हे मुंबईतले रूप. विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीज ही संस्था स्थापन केली. ती चर्चगेटला आहे. एमएमएसच्या प्रवेशासाठी सामायिक प्रवेश परीक्षा (सीईटी) द्यावी लागते.

पहिल्या वर्षी हिशेब, अर्थशास्त्र, विपणन, संख्याशास्त्र असे सामायिक विषय. दुसऱ्या वर्षी वित्त, विपणन, मनुष्यबळ यांसारख्या शाखेची निवड. मधल्या सुट्टीत कंपनीत प्रत्यक्ष काम. खरी कसोटी लागते ती उदाहरणांच्या चर्चेत. उदाहरणार्थ, एखाद्या कंपनीच्या नफातोटा पत्रकात नफा दिसतो, तरी महिनाअखेरीस पगाराला रोकड नसते, कारण माल उधारीवर गेलेला असतो. ही गाठ स्वतः सोडवल्याखेरीज खेळत्या भांडवलाचा अर्थ उमगत नाही.

नोकरदारांसाठी विद्यापीठाचे तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रमही आहेत. दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी वर्गात बसणे दमवणारे असते. पण थकलेली वसुली, रखडलेला माल हे सारे त्या विद्यार्थ्यांनी त्याच दिवशी हाताळलेले असते, आणि म्हणून त्यांच्या प्रश्नांना वजन असते. व्यवस्थापन शिकण्याची ही वाट अधिक कष्टाची, तितकीच मोलाची आहे.