शरदातला संसार : मालवण किनारा आणि १९२५ चा गिरणी संप

मालवणचा इतिहास सांगावयाचा म्हणजे वक्त्याने सिंधुदुर्गापासून आरंभ करावयाचा, असा पायंडाच पडून गेला आहे. तो वाईट नाही. १६६४ साली कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी दुर्गाचा पाया घातला, तीनएक वर्षांत तो उभा राहिला, पुढे १८१२ साली करवीरकरांकडून मालवण इंग्रजांच्या ताब्यात गेले, ही हकीकत आपणांपैकी बहुतेकांना मुखोद्गत आहे. परंतु त्या दुर्गासमोरच्या किनाऱ्यावर, माडांच्या सावलीत ज्या घरांतून रोज चूल पेटत होती, त्या घरांचा इतिहास आपण कितीसा ऐकलेला असतो? राजांना बखरकार मिळतात. नव्याने संसार मांडलेल्या नवराबायकोला बखरकार मिळत नाही. म्हणून आज मी आपणांपुढे एक लहानसाच विषय घेतला आहे. तरुण जोडपे, एक ऋतू आणि एक साल. ऋतू शरदाचा आणि साल १९२५ चे.

शरद म्हटला की संस्कृत काव्य वाचलेल्यांना निरभ्र आकाश आणि चांदणे आठवते. मालवणकडच्या कुणब्याला ‘शरद’ हा शब्द ठाऊक असेल-नसेल. त्याच्या दृष्टीने ही कापणी आहे. हळवे भात नवरात्राच्या सुमारास पिवळे पडते, गरवे दिवाळीच्या पुढेमागे. पावसाने उखणलेले दारापुढचे खळे पुन्हा चोपून, शेणाने सारवून तयार करावयाचे, भात कापून भारे डोक्यावरून आणावयाचे, झोडावयाचे, वारवावयाचे, वाळवून कणगीत भरावयाचे. त्यातच नवरात्र, दसरा आणि चावदिवस येतात. तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडावे, नव्या भाताचे गोडे-तिखट पोहे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी जाऊन खावेत आणि उन्हे चढण्यापूर्वी पुन्हा विळा हाती घ्यावा, अशी ही दिवाळी. कार्तिकी द्वादशीला तुळशीचे लग्न लागले की गावोगावच्या जत्रा आणि दशावतारी खेळ यांचे दिवस सुरू होतात. वर्षाचे पोट भरण्याची निम्मी लढाई या दोन महिन्यांतच जिंकावयाची किंवा हरावयाची.

मात्र या लढाईच्या वेळी घरातला तरुण पुरुष बहुधा घरी नसे. मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि दोन वर्षांनी चालू झाली. तेव्हापासून पुढची शंभरसव्वाशे वर्षे जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईला माणसे पुरविली. मालवण तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. १९२१ च्या शिरगणतीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून अधिक माणसे मुंबईत मोजली गेली. शहराची एकूण वस्ती पावणेबारा लाखांची, म्हणजे दर पाचसहा मुंबईकरांमागे एक रत्नागिरीचा. याच शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. उलट रत्नागिरीत शिरगणतीमागून शिरगणतीत पुरुषांपेक्षा बायकाच अधिक भरत आल्या. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे हजारो संसारांची मधोमध झालेली विभागणी डोळ्यांपुढे उभी राहते.

चाकरमान्याचे मुंबईतील जिणे गिरणगावातल्या लहानशा खोलीत. एका गावची दहापंधरा माणसे मिळून ती खोली भाड्याने घेत. एक पाळी कामावर गेली की दुसरीने त्याच जागी पथारी पसरावयाची. जेवण खाणावळीत, ती बहुधा गिरणगावातल्याच एखाद्या बाईने चालविलेली. अशा खोलीत बायको आणावयाची कोठे आणि त्या पगारात तिला ठेवावयाचे कसे? काही बायका आल्याही, गिरणीच्या रहाटखात्यात कामालाही लागल्या; त्यांना विसरून चालणार नाही. परंतु पुष्कळशा नवपरिणीत मुली सासूसासऱ्यांपाशी, शेतापाशी राहिल्या. लग्नाच्या वयाला कायद्याची मर्यादा घालणारा सारडा कायदा १९३० साली अमलात आला. त्यापूर्वी या मुली किती कोवळ्या वयात सासरी येत, हे वेगळे सांगावयास नको.

अशा सुनेचा आश्विनातला दिवस कसा जात असेल, याची कल्पना करण्यास फार कष्ट पडत नाहीत, कारण ती कामे आपल्या आज्यापणज्यांनी हातांनी केलेली आहेत. पहाटे उठून गोठा, पाणी, चूल. सकाळी पेजेचा टोप चढवून शेतावर. दुपारी भारे वाहणे. संध्याकाळी झोडलेल्या भाताची राखण. रात्री उकड्या तांदळासाठी भात उकडत घालणे आणि दुसऱ्या दिवशी ते वाळवून उखळात मुसळाने कांडणे. जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांत खोतीची पद्धत होती. तेथे खळ्यावर रास पडली की आधी खोताचा वाटा निघे आणि उरलेले घरात येई. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबई कायदेमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा झाला तो १९४९ साली. म्हणजे आपल्या या सुनेच्या तरुणपणी रास तिच्या श्रमाची आणि माप दुसऱ्याच्या हाती, अशीच स्थिती होती.

नवराबायकोंमधला दुवा दोन गोष्टींचा, आगबोट आणि मनिऑर्डर. पावसाळ्यात समुद्र बंद. गणपतीला यावयाचे तर रेल्वेने कोल्हापूर गाठून पुढे घाट उतरावा लागे. त्याला पैसा आणि रजा दोन्ही हवी. पावसाळा ओसरला की आगबोटी सुरू होत. मालवण बंदराच्या तोंडाशी खडक फार, म्हणून आगबोट दूर उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. शरदातला समुद्र शांत म्हणावा, तर तसाही भरवसा नव्हता. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, ऐन कार्तिकात, ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन आगबोटी कोकणच्या किनाऱ्यावर एकाच दिवशी वादळात बुडाल्या. आगबोटीचा भोंगा ऐकून किनाऱ्याकडे पाहणाऱ्या घरच्या माणसांच्या मनात आनंदाबरोबर धाकधूकही असे, ती उगाच नव्हे.

मनिऑर्डरीची सोय टपालखात्याने १८८० साली सुरू केली. फॉर्माच्या टोकाला मजकूर लिहिण्यापुरती चार बोटे जागा असे. पैसे यावयाचे वडिलांच्या नावे, पत्रही त्यांनाच. आरंभी तीर्थरूपांस साष्टांग नमस्कार, मग गुराढोरांची चौकशी, आणि बायकोचा उल्लेख झालाच तर ‘घरातील सर्व मंडळींस’ या शब्दांत. नवऱ्याने बायकोचे नाव चारचौघांत घ्यावयाचे नाही, बायकोने नवऱ्याचे तर नाहीच नाही. तिला लिहिता येत नसे. उत्तर लिहावयाचे ते शाळामास्तरांनी किंवा शेजारच्या शिकत्या मुलाने. परक्याच्या हाताने लिहून घ्यावयाच्या पत्रात ती मनातले काय सांगणार? भात किती आले, गाय व्याली काय, एवढेच. तरीही त्या कोरड्या बातमीत पुष्कळ काही असे. ‘भात बरे आले’ याचा अर्थ ‘यंदा कर्ज काढावे लागणार नाही, तुम्ही स्वतःचे पोट मारून पैसे पाठवू नका’ असाही होऊ शकतो.

याच किनाऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेचेही संसार होते, हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. गाबितांच्या वाडीतला तरुण या दिवसांत घरी असे, कारण शरदाबरोबर रापणीचा हंगाम येई. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडावयाचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढावयाची. बांगडा, तारली जे लागेल त्याचे वाटे ठरलेले. मासळी वाळूवर पडेपर्यंत काम पुरुषांचे, पुढचे बायकांचे. बाजाराची पाटी तिच्या डोक्यावर आणि भावाची घासाघीस तिच्या तोंडी. उरलेले मासे खारवावयाचे. त्यासाठी स्वस्त मीठ देणारी सरकारी आवारे या किनाऱ्यावर होती. कष्ट येथेही कमी नव्हते, दारिद्र्यही होतेच. परंतु येथे दोघांची कमाई एकाच वाळूवर एकमेकांना दिसत होती. चाकरमान्याच्या घरी मात्र नवऱ्याची कमाई आकड्यांत येई आणि बायकोची कणगीत दडून राही. हा फरक ध्यानात ठेवून आपण १९२५ कडे वळू.

त्या वर्षी मुंबईच्या गिरणीमालकांनी धंदा मंदावल्याचे कारण सांगून १ सप्टेंबरपासून मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. १५ सप्टेंबरला संप सुरू झाला आणि दीड लाखाच्या घरात कामगार बाहेर पडले. तेव्हा पितृपक्ष सरत आला होता. संप मिटला तो डिसेंबरच्या आरंभी, म्हणजे मार्गशीर्षात. आश्विन आणि कार्तिक हे दोन्ही महिने, अर्थात सबंध शरद ऋतू, त्या संपाच्या पोटात गेला. ना. म. जोशी यांनी मदतकार्यात पुढाकार घेतला. परदेशांतल्या कामगार संघटनांकडूनही पैसे आले. दीड लाख माणसांना अडीच महिने पुरेल एवढी ती मदत अर्थातच नव्हती. मग हे कामगार टिकले कसे? एक मोठे उत्तर असे, की हजारो जण मुंबईत थांबलेच नाहीत; ते गावी गेले. समुद्र नुकताच खुला झाला होता, भात पिकत आले होते आणि कापणीला हात हवे होते.

कित्येक घरांत त्या वर्षी प्रथमच तरुण नवराबायको एकत्र कापणीला उभी राहिली असतील. दिवाळीचे पोहे त्याने घरी खाल्ले असतील. पण त्याच वेळी मनिऑर्डर बंद होती, वाण्याची उधारी वाढत होती आणि कणगीतले भात, जे एरवी पावसाळ्यापर्यंत पुरवावयाचे, ते एका अधिक तोंडासाठी लवकर उपसले जात होते. नवरा जवळ असल्याचा आनंद आणि पगार नसल्याची चिंता ही एकाच ताटात वाढलेली. ती कोणी लिहून ठेवली नाही. परंतु आकडे आणि पंचांग एकत्र वाचणाऱ्याला ती दिसल्यावाचून राहत नाही.

सरकारने डिसेंबरच्या आरंभी कापडावरील साडेतीन टक्के जकात तहकूब केली, मालकांनी कपात मागे घेतली आणि कामगार जिंकले. भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात या विजयाची नोंद आहे. परदेशातून आलेल्या निधीचा हिशेब आहे, पुढाऱ्यांची नावे आहेत. मालवण, देवगड, राजापूरकडच्या कणग्यांतून किती भात या संपाला गेले, त्याचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत नाही. माझ्या मते त्या विजयातला फार मोठा वाटा या कणग्यांचा होता, आणि त्या भरल्या होत्या बायकांनी.

याला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगण्यास संकोच करता कामा नये. जे भात संपाच्या वेळी कामगाराचे बळ झाले, तेच एरवी मालकाची सोय झाले होते. कामगाराची बायको, मुले, म्हातारे आईबाप गावच्या शेतावर जगत असल्यामुळेच एकट्या माणसाच्या पोटापुरता पगार देऊन गिरणी चालविता येत होती. आजारी पडला, म्हातारा झाला, तर तो गावी जाई. त्याचा भार गिरणीवर पडत नसे. मुंबईच्या भरभराटीला कोकणातल्या घरांनी दर शरदात असे न मागता अनुदान दिले. त्याची किंमत होती वर्षातले दहाअकरा महिने एकमेकांवाचून काढलेले तारुण्य.

पुढची हकीकत आपल्या पिढ्यांनी पाहिलेली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्याच हळूहळू गेल्या, आणि त्या वेळीही कित्येकांनी गावचीच वाट धरली. मात्र या खेपेस परत जावयाला गिरणी उरली नाही. आगबोटी बंद झाल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली. जुनी मनिऑर्डरही २०१५ साली इतिहासजमा झाली. २०११ च्या शिरगणतीत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया भरल्या. अंतर कमी झाले आहे, संपलेले नाही. आजही गणपतीला भरून आलेले घर विसर्जनानंतर रिकामे होते आणि थोड्याच दिवसांत भात पिवळे पडते.

आपणांपैकी ज्यांच्या घरी ऐंशीनव्वदीच्या आज्या असतील, त्यांनी एक काम करावे. किल्ल्याच्या, राजांच्या हकीकती पुस्तकांत सुरक्षित आहेत. आजीला विचारावे : आजोबा मुंबईला असताना कापणी कोणी केली, पत्र कोणाकडून लिहून घेतले, पैसे आले नाहीत त्या वर्षी घरात काय शिजले? तारीखवार लिहून ठेवावे. शरदातल्या त्या संसारांची बखर लिहावयाची तर तिचे साधन एवढेच आहे, आणि ते दरवर्षी थोडे थोडे कमी होत आहे.